बेट बुडलं नव्हतं

माझ्या थोरल्या बहिणीने मला फसवलं. लहानपणी जादूच्या बेटावरच्या गोष्टींचा शेवटचा भाग वाचनालयातून आधी तिच्या हाती लागला. मी तो हिसकावू नये म्हणून तिने सांगून टाकलं, "बेट बुडलं रे. सगळे गेले." मी रडलो, चिडलो आणि त्या पुस्तकांना पुन्हा हात लावला नाही.

काल रद्दीच्या दुकानात तोच भाग दिसला. दुकानदार म्हणाला, "शेट, पुस्तकासाठीसुद्धा घासाघीस?" केली. भांड्यांचं दुकान मी शून्यातून उभं केलंय. पहिला भाव मी देवाच्या दारातही मान्य करत नाही.

घरी येऊन उभ्याउभ्याच शेवट वाचला. वादळात बेटावरचे सगळे, दीपगृहाचा तो चिडका रखवालदारसुद्धा, एका सुरात गाऊ लागतात आणि बेट अलगद लाटांवर उचललं जातं. तिथली एक रीत मी विसरलो होतो. परतलेल्याला 'इतके दिवस कुठे होतास?' असं कुणी विचारत नाही. आधी पान वाढतात. मी ज्यांचं सुतक धरून बसलो होतो, ते सगळे पंक्तीला बसले होते, आणि माझी जागा राखलेली होती! एवढा नफा मला धंद्यात कधी झाला नाही.

लगेच ताईला फोन लावला. ती हसत सुटली. "अजून लक्षात आहे तुझ्या? मला सुखाने वाचू देत नव्हतास ना!"

हसू नकोस, ताई. बेट तरंगतंय, मी पाहून आलोय. इतकी वर्षं मला किनाऱ्यावर का बसवलंस, ते आधी सांग.