हनवटीवरचे तीन ठिपके

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक परीक्षेच्या देखरेखीला होते. पोरांना एक डागाळलेला फोटो दिला होता. त्यातला नॉइज, म्हणजे मूळ दृश्यात नसलेले, कॅमेऱ्याने किंवा काळाने वरून टाकलेले दाणे, आधी ओळखायचे आणि मग काढायचे होते. प्रश्न सुमेधानेच काढलेला. खरं तर देखरेखही तिचीच होती, पण सकाळी तिचा मेसेज आला, ‘अंगात कसकस आहे, आज तू बघ ना.’ आणि आता तिचा भाऊ सांगत होता, “अलकाताई, ताई गेली.” मी विचारलं, “कुठे?” समोर पोरं माना खाली घालून बसली होती आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तिने निवडलेला तो फोटो हळूहळू स्वच्छ होत होता.

गच्चीवर कपडे वाळत घालताना छातीत कळ आली, एवढंच झालं. कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सुमेधा गायकवाड, वय एकावन्न, राहणार दहिवली. आम्ही दोघी एकाच आठवड्यात त्या कॉलेजात रुजू झालो आणि त्यानंतर एकाच टेबलाशी बसलो. ती प्रतिमा-प्रक्रिया शिकवायची आणि पहिल्या तासाला दरवर्षी एकच गोष्ट करायची. कॅमेऱ्याचं झाकण न काढता फोटो घ्यायची. पोरं हसायची. मग ती तो काळा फोटो भिंतीवर मोठा करून उजळवायची आणि त्या काळोखात तांबडे, निळे, पांढरे दाणे बुजबुजलेले दिसायचे. “समोर काहीच नसताना हा काय बोलतो ते आधी ऐका,” ती म्हणायची. “ते कळल्याशिवाय कुणाचाही फोटो साफ करायला घेऊ नका.”

रविवारी तिच्या घरी लोक जुने फोटो घेऊन यायचे. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, खालापूरच्या कचेरीतले कारकून, वाड्यांवरच्या बाया. बहुतेक फोटो गेलेल्या माणसांचे. बुरशी आलेले, घडी पडून तडकलेले, नाहीतर जुन्या मोबाइलवर अंधारात काढलेले. ती ते स्वच्छ करून द्यायची आणि लोक डोळे पुसत जायचे. मी गमतीने म्हणायचे, “सुमे, तुझ्या घरी जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची वर्दळ जास्त.” ती हसायची. तेव्हा हसायची.

मग येसू आली. डोंगराखालच्या एका ठाकरवाडीतली विशीतली पोरगी, फार्महाउसच्या बागेत मजुरीला जायची. तिची आई तापाने गेली होती आणि मागे एकच फोटो उरला होता. झोपडीच्या आत, दारातून येईल तेवढ्या उजेडात, मेव्हण्याच्या स्वस्त फोनवर काढलेला. चेहऱ्यावर काळे-पांढरे ठिपके इतके की मीठ-मिरपूड शिंपडल्यासारखं वाटावं. सुमेधाने अशा शेकडो फोटोंना लावलेला उपाय लावला. प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूला पाहायचं, शेजाऱ्यांशी जुळत नसेल तर त्याच्या जागी शेजाऱ्यांमधला मधला रंग भरायचा. चेहरा उजळून निघाला. मी त्या रविवारी तिथेच होते. आम्हा दोघींनाही तो फोटो फार सुंदर वाटला होता.

येसूने तो हातात घेतला, बघत राहिली आणि परत टेबलावर ठेवला.

“ही कोन?”

“तुझी आई गं,” सुमेधा म्हणाली.

“माज्या आयच्या हनवटीवर गोंदलं व्हतं. तीन टिपके.” तिने स्वतःच्या हनवटीला बोट लावलं. “ही माजी आय नाय.”

सुमेधाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचाही इतका पडत नाही. तिने पुन्हा मूळ फोटो उघडला. हनवटीवर सात-आठ काळे ठिपके होते आणि त्यातले आईचे कुठले, फोनचे कुठले, काही कळायला मार्ग नव्हता. “तो फोन आहे का गं अजून?” तिने विचारलं. होता. बोलण्याच्या कामाचा राहिला नव्हता, पण मेव्हणा रात्री उजेडासाठी त्याचा बॅटरी म्हणून वापर करायचा.

पुढच्या रविवारी आम्ही वाडीवर गेलो. रिक्षाने रस्ता संपेपर्यंत आणि मग चढाची पायवाट. झोपडीत शिरल्यावर येसूने दाखवलं, आई इथे बसली होती, कुडाच्या भिंतीला टेकून. सुमेधा दाराच्या बाजूला उकिडवी बसली आणि त्याच फोनने त्या रिकाम्या जागेचे फोटो काढत राहिली, एकामागून एक. मग त्या जागी पांढरा कागद धरायला तिने मला बसवलं. मी कुडाला टेकले. कुड पाठीला ऊबदार लागला, उन्हाने असेल… पण मी अंग चोरून घेतलं. दारात येसू उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या डोक्याच्या किंचित वर बघत होती. तिची आई माझ्यापेक्षा उंच असावी.

घरी येऊन सुमेधाने ते सगळे कागदाचे फोटो एकावर एक ठेवले. जे काळे ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी होते ते फोनचे, त्याच्या मेलेल्या जागा. तेवढे तिने आईच्या फोटोतून वजा केले. हनवटीवर दोन ठिपके उरले. तिसरा असायला हवा होता तिथे नेमकी फोनची मेलेली जागा होती. तिथे त्या फोनला काही दिसलंच नव्हतं.

येसू आली तेव्हा सुमेधाने तिला हे सगळं न लपवता सांगितलं. “दोन सापडले. तिसरा मला काढता येईल गं, पण तो तुझ्या आईचा नसेल. मी मनाने काढलेला असेल.”

येसूने विचार केला. मग टेबलावरचं पेन उचललं. “तुमी नका काडू. मी काडते. मी रोज बगायची.” आणि छापलेल्या फोटोवर, जराही न थांबता, तिने तिसरा ठिपका दिला. फोटो पदरात गुंडाळला आणि निघून गेली.

मला वाटलं, विषय संपला. सुमेधाचा संपला नाही. कॉलेजात डबा खाताना ती मधेच थांबायची. “अलके, आधीच्या फोटोंत मी कुणाकुणाचं काय काय पुसलं असेल गं?” कुणाचा तीळ, कुणाच्या देवीच्या वणांचे खड्डे… बिचाऱ्या लोकांनी बोलायचं टाळलं असेल, मॅडमना कसं सांगायचं म्हणून. मी समजूत घालायचे. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी ती जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊ लागली. बहुतेक जण हसून म्हणायचे, “मॅडम, छान झालाय फोटो, राहू द्या.” पण खोपोलीतल्या एका म्हाताऱ्याकडे मी तिच्यासोबत होते. भिंतीवर बायकोचा फोटो, सुमेधाने साफ केलेला, चंदनाचा हार घातलेला. तिने विचारलं, “काका, यांच्या चेहऱ्यावर काही खूण होती का?” ते उठून फोटोजवळ गेले. “व्हती वाटतं,” म्हणाले. “गालावर कायतरी व्हतं. पन आता मला हाच चेहरा आठवतो, बाई. दुसरा येतच नाय.” परत येऊन दहिवलीला रिक्षातून उतरताना सुमेधाने माझा हात धरला, तेव्हा तिचा हात गार पडला होता.

त्यानंतर ती कुणाचाही फोटो हातात घ्यायच्या आधी समोरच्याला बसवून विचारायची आणि वहीत लिहून ठेवायची. वरच्या ओठावर व्रण. डावा डोळा किंचित बारीक. कपाळावर गोंदण, तुळस. ती वही मी चाळली आहे. एकही नाव न वाचता, नुसत्या खुणांवरून, एक गर्दी आपल्याकडे बघते आहे असं वाटतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या बुद्धवंदनेला, तिच्या घरी गेले तर फुलांमध्ये तिचा मोठा फोटो ठेवला होता. कुणा भाचीच्या नव्या फोनमधला. हल्ली फोन आपणहूनच चेहरा गुळगुळीत करतात, कुणी सांगावंही लागत नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात ती त्यात तिशीची दिसत होती. वंदना चालू होती आणि माझं लक्ष उडालं, कारण सुमेधाच्या भुवईत एक जुनी खोक होती, तिथे केस उगवायचे नाहीत, आणि या फोटोत दोन्ही भुवया सलग होत्या. डावी भुवई की उजवी? मला आठवेना. जिच्या शेजारी इतकी वर्षं बसून डबा खाल्ला तिची एक खूण मला आठवेना… मी डोळे मिटले, तर तो समोरचा गुळगुळीत चेहराच आला. हात गार पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

लोक पांगल्यावर मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, “उजवी.” मग म्हणाला, “नाही, थांबा…” आणि रडायला लागला. घरातले जुने फोटो काढले. सगळ्यांचे होते, तिचे फारसे नव्हते. जे होते त्यांत ती मागे कुठेतरी, कुणाच्या तरी खांद्याआड.

तिची आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, “आई, सुमेधाच्या भुवईला लागलं होतं ना, ते कुठल्या बाजूला?”

“चुलीच्या दगडावर आपटली व्हती,” ती म्हणाली. “तीन वर्साची आसंल. लय रगत गेलं.”

“डावीकडे की उजवीकडे?”

डावं-उजवं तिने मनावर घेतलंच नाही. तिने लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला, डावा हात पुढे करून समोरच्या हवेत एक हनवटी धरली आणि उजव्या हाताने तोंड पुसायला लागली. कपाळ, गाल, नाकाखाली, ठरलेल्या क्रमाने, लहान पोर हलू नये म्हणून हनवटी घट्ट धरून. भुवईपाशी तिचं बोट आपोआप हलकं झालं आणि थांबलं.

“हितं,” ती म्हणाली. “हितं जपून पुसायचं. दुखतं तिला.”