बिनबाटलीची सुट्टी

फौजी सुट्टीवर आला की आमच्या गावातले लोक आधी त्याच्या ट्रंकेकडे बघतात, मग तोंडाकडे. ट्रंकेत कॅन्टीनची रम असते ना! दारू काय, वाटूरच्या फाट्यावर हवी तेवढी मिळते, पण मिलिटरीच्या बाटलीची ऐट वेगळी. घरात फौजी असून हळदीला ती बाटली आली नाही, तर भावकी वर्षभर टोमणे मारते.

माझे सासरे माळकरी. आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही. पण लेकाने आणलेल्या बाटल्या भाऊबंदांत वाटताना त्यांच्या मिशीला असा काही पीळ पडायचा की बघत राहावं. स्वतः प्यायची नाही आणि दुसऱ्याला पाजताना छाती फुगवायची, हे गणित मला इतक्या वर्षांत सुटलेलं नव्हतं.

त्या वर्षी आमचे हे आले ते हलकी ट्रंक घेऊन. कारण फक्त मला माहीत होतं. पलटणीत त्यांचं पिणं वाढत गेलं. सकाळी हात थरथरायला लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना मिलिटरीच्या दवाखान्यात धाडलं. मनाच्या आजारांच्या वॉर्डात कित्येक आठवडे राहिले, बरे झाले. पण रायफल काढून घेतली, दारूचा कोटा बंद केला आणि त्यांना स्टोअरच्या कामाला लावलं. सुट्टीहून परतल्यावर पुन्हा तपासणी होती. पुन्हा प्यायल्याचं निघालं तर नोकरीच जाणार होती, आणि पेन्शनला अजून अवकाश होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला फोन केला होता. म्हणाल्या, "इथं आम्ही लक्ष ठेवतो. माणूस घसरतो तो सुट्टीत, लाडाकोडात. घरच्यांना सांगून ठेवा, लपवू नका."

लपवू नका! त्यांना सांगायला काय जातंय? ह्यांनी जालन्याच्या स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझ्याकडून वचन घेतलं. "बाबाला सांगू नको. पागलाच्या वार्डात व्हता म्हणून गावभर व्हईल." माझी आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी मी बरं म्हटलं.

घरी आल्या आल्या सासऱ्यांनी ट्रंक उघडायला लावली. ब्लँकेट निघालं, बदाम निघाले, माझी साडी निघाली.

"अन् बाकीचं?" सासऱ्यांनी विचारलं. त्याच आठवड्यात चुलत दिराची हळद होती आणि त्यांनी साऱ्या भावकीला शब्द देऊन ठेवला होता.

"कॅन्टीनमधी माल आल्ता न्हाई."

"दुसऱ्या फौज्यायला बराबर भेटतो. तुलाच कसा न्हाई?"

त्यानंतर सासरे लेकाशी धड बोलेनात. हे ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. असं गप्प बसलेलं माणूस बघून मला धडकी भरायची.

हळदीच्या दुपारी सासरे मला म्हणाले, "म्या वाटूरहून बाटल्या मागिवल्यात. फौजीनं आणल्या म्हणून सांगू. पहिली त्याच्या हातानं उघडू. इज्जत तं राहील."

माझं डोकंच फिरलं. डोक्यावरचा पदर ढळू न देता मी बोलले, पण चांगलं खणखणीत बोलले. "मामा, तुमची इज्जत राहील अन् तुमचा लेक हातचा जाईल." मग वॉर्ड, रायफल, तपासणी, सगळं सांगून टाकलं. सासरे जागचे हलले नाहीत. नंतर टोपी उचलली आणि निघून गेले. मला वाटलं, झालं! वचनही मोडलं आणि नवऱ्याची अब्रूही घालवली.

संध्याकाळी मांडवात डीजे दणाणत होता. मी हळदीचं ताट घेऊन बायकांत उभी होते, पण माझं सगळं लक्ष मागच्या बाजूला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ बसलेल्या पुरुषांकडे. चुलत सासऱ्यांनी ग्लास भरला आणि ह्यांच्या हातात दिला. "फौजी, सुरुवात तू कर."

ह्यांनी ग्लास घेतला. ओठाला लावेनात आणि खालीही ठेवेनात. सुनेनं पुरुषांच्या बैठकीत जायचं नसतं. गेलं खड्ड्यात, म्हणून मी ताट खाली ठेवलं आणि निघाले.

मी पोचायच्या आत सासरे उठले. डीजे बंद करायला लावला आणि लेकाच्या हातातला ग्लास काढून मातीत ओतला.

"ह्याला दारू बंद हाय," ते म्हणाले. "दारूपायी दवाखान्यात पडून व्हता. ह्या बाटल्या त्यानं आणल्या न्हाईत, म्या आणल्या, माझ्या मोठेपणासाठी. आजपासून माझ्या लेकाला जो पाजील, त्याचा माझा संबंध बिलकुल तुटला."

ह्यांची मान खाली. आता कुजबुज सुरू होणार म्हणून मी पदराचं टोक घट्ट धरून उभी राहिले.

चुलत सासरे म्हणाले, "आरं मंग आधीच सांगायचं न्हाई का? चहा आणा रे फौजीला, जल्दी."

बस्स, एवढंच झालं. कुणी पागल म्हटलं नाही, कुणी हसलं नाही. ज्यांना प्यायची होती ते प्यायलेच, आमचं गाव एका संध्याकाळीत सुधारणाऱ्यांतलं नव्हे. पण उरलेल्या सुट्टीत ह्यांना कुणी आग्रह केला नाही. ज्याच्या त्याच्या दारात चहाच चहा, इतका की ह्यांना पित्त झालं. मला त्या पित्ताचासुद्धा आनंद झाला. किती महिन्यांनी मी गाढ झोपायला लागले होते.

परतल्यावर तपासणी झाली आणि ह्यांचा फोन आला. "पास झालो." मग म्हणाले, "त्या दिवशी तू बाबाला सांगितलं नस्तं ना, तं म्या ग्लास पिऊन टाकला अस्ता. बाबाचा मान राहावा म्हणून."

सासरे दारातच उभे होते. "काय म्हणला?"

"पास झाले," मी म्हटलं. पुढचं सांगितलं नाही, सांगणारही नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. मग मीही त्यांच्या शेजारी बसले, सून असून, आणि पोटभर रडले.