तिसरा मागी

अख्ख्या नाशकात माझ्यासारखा नट नाही. बरं, नाशिक जाऊ द्या, निदान नाशिकरोडला तरी नाही. बरं, तेही जास्त झालं, आमच्या गल्लीत नाही. आणि गल्लीतही जयंतीच्या नाटकात मला दरसाल एकच काम देतात, पडदा ओढायचं. पण काय ओढतो राव!

तर या नटाची परवाच्या नाताळात कशी शोभा झाली ते ऐका. आधी तो चहाचा कप खाली ठेवा. हसताना चहा नाकातून आला, तर माझ्या नावाने ओरडायचं नाही.

आमच्या शेजारी एस्तेरताई राहतात. भिंतीला भिंत. बुद्धपौर्णिमेला आमची खीर त्यांच्याकडे, नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे. मधले महिने माझ्या थापा त्यांच्याकडे आणि त्यांचे टोमणे आमच्याकडे. एकदा मी आवाज बदलून त्यांना फोन केला, "पाणीपुरवठ्यातून बोलतोय, उद्यापासून नळाला गरम पाणी येणार." बाईंनी पहाटे बादल्या मांडल्या हो!

यंदा ताई त्यांच्या चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख झाल्या. आधी तिथे सालोमीबाईंचं राज्य. रिटायर मास्तरीण. नजर अशी, की चालता पंखा थांबावा. त्यांनी हॉलच्या किल्ल्या ताईंच्या हातात दिल्या, पण सोडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाताळचा मेळावा बघते. नाटक नीट झालं तर किल्ल्या तुझ्या. हसं झालं तर परत माझ्याकडे."

झालं, ताईंची झोप उडाली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या.

"बापू, एक मागी कमी पडतोय."

"काय कमी पडतंय?"

"मागी हो! जन्माच्या नाटकात तीन मागी असतात. तिसरीचा पाय मुरगळला. बाकीच्या सगळ्या देवदूत झाल्यात, दाढी लावायला एक तयार नाही. तुमची तर आयती आहे."

आता मी पडलो सातवीतून शाळेला रामराम ठोकलेला माणूस. मागी म्हणजे काय? सोपं आहे! मागतो तो मागी. विचारून कशाला अडाणी दिसायचं?

"कपडे कसे?" मी विचारलं.

"लांबून, धुळीतून, चालत आलेला माणूस वाटला पाहिजे. बाकीचा साज आम्ही हॉलवर चढवू. जरा लवकर या."

"आणि हातात?"

"भांडं. त्यात ऊद."

बघा, कसं बरोब्बर जमलं! गुरुवारी दुकानादुकानांतून ऊदाचा धूर फिरवत बाबालोक मागायला येतात की नाही? तेच हे!

"बोलायचं काय?"

"काही नाही. बाळापुढे गुडघे टेकायचे, भांडं पुढे करायचं. बस्स. आणि बापू, हात जोडते, गंमत करू नका. माझी लाज आहे."

मी छाती ठोकली. "ताई, असा मागी उभा करतो, की लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

आलं की! सगळ्यांच्या आलं. कसं आलं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगावर गोणपाट घेतलं, तोंडाला राख फासली, दाढीत वाळलेला पाला अडकवला. पितळी वाडग्यात निखारे घातले, वर मूठभर ऊद. आमच्या सौभाग्यवती, कमल, ओट्यापाशी उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, सणासुदीचं हे काय सोंग?"

"मागी आहे मी."

"ते दिसतंय. रिक्षावाला तरी बसवून घेईल का?"

नाहीच घेतलं! थंडीत कुडकुडत चालत गेलो. त्यामुळे उशीर झाला.

हॉलच्या फाटकावर एक जाडजूड बाई उभ्या होत्या. नवी कोरी साडी, केसांत चमकी. मला बघून म्हणाल्या, "बाबा, आत महिलांचा कार्यक्रम चालू आहे. कोपऱ्यात बसा. जेवणं उरकली की देते."

मी मनात म्हटलं, वा रे वा! फाटकापासूनच नाटक! आणि बाई काय काम करतायत, जरासुद्धा हसत नाहीत! मग मी कशाला मागे राहू?

"माई, लांबून आलोय गं! धुळीतून आलोय!"

"अगं बाई, बिचारा," म्हणत त्यांनी माझ्या वाडग्यात एक करंजी टाकली. निखाऱ्यांवर! आधीच ऊद, त्यात तूप-खोबरं. धूर असा निघाला, की मला माझे पाय दिसेनात.

तेवढ्यात आतून माइकवर ताईंचा आवाज आला, "आणि दूर पूर्वेकडून तीन मागी आले!" तिसरा मागी फाटकापाशी करंजी जाळत बसलाय, हे त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?

मी घुसलोच.

हॉल बायकांनी गच्च भरलेला. वर कागदी चांदण्या, समोर स्टेज. स्टेजवर दोघी जणी, रेशमी झगे, डोक्यावर सोनेरी मुकुट, काजळाने रंगवलेल्या दाढ्या, हातात चकचकीत डब्या. मी म्हटलं, हे नक्की गावातले शेठ असणार. म्हणजे शेवटी मागायचं ते यांच्याकडेच! पण आधी रांगांमधून जाऊ.

"माई, वाढा हो! माई, गरिबाला वाढा!"

एकीने केकचा तुकडा दिला. एकीने चिवडा. एक म्हणाली, "सुट्टे नाहीत, पुढे जा." असा जिवंत अभिनय मी आयुष्यात पाहिला नाही!

स्टेजवर चढलो आणि पहिल्या मुकुटवालीपुढे वाडगा धरला. "शेठ, काहीतरी द्या!" ती इतकी घाबरली, की हातातली सोन्याची डबी माझ्या वाडग्यात टाकून दोन पावलं मागे सरली.

मग बाळ. मरीयेच्या मांडीवर कुणाची तरी खरीखुरी नात होती. मी गुडघे टेकले, वाडगा पुढे केला. ताईंनी सांगितलं होतं अगदी तस्सं. फक्त शेवटी एक वाक्य पदरचं घातलं, "बाळराजा, सकाळपासून उपाशी आहे. तू तरी दे!"

बाळाने मला नीट न्याहाळलं. तोंडातली चोखणी काढली. आणि टाकली वाडग्यात, केकवर!

हॉल फुटला! देवदूतांचे पंख गळून पडले. मरीया पदरात तोंड लपवून हलत होती. सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी, निम्म्यांच्या हसून, निम्म्यांच्या धुराने.

आणि पहिल्या रांगेतून सालोमीबाई उठल्या.

पंखा थांबला म्हटलं तरी चालेल.

"एस्तेर, हा कोण?"

ताईंचा चेहरा खडूसारखा झाला. "मागी, बाई."

"हा? मागी? मागी देणारे होते. सोनं, ऊद, गंधरस घेऊन आले होते. ज्ञानी लोक होते ते, एस्तेर! ज्ञानी!"

ज्ञानी? म्हणजे मागी मागणारे नव्हेतच! वाडग्यात बघितलं तर चोखणी, चिवडा, केक, सोन्याची डबी. आणि त्या धुरात मला ताईंच्या किल्ल्या जळताना दिसल्या. खोटं नाही सांगत, त्या क्षणी खरोखर कुणी भीक घातली असती, तरी मी घेऊन पळालो असतो.

ताईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"बाई, देणारे दोन ठेवलेत. तिसरा मागणारा ठेवला. कारण खरं सांगा, आपण इथे बसलेल्यांतली कोण बाळाकडे काही द्यायला येते? सगळ्या मागायलाच येतो ना? मुलाला नोकरी लाव, गुडघ्याला आराम दे, सुनेला अक्कल दे..."

"माझ्या सासूला पण!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुन्हा हशा. पण सालोमीबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाळाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "गुडघ्याचं मीच मागितलंय. आज सकाळीच." आणि खाली बसताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा थरथरला. तो एकदा सुटला तो सुटलाच! बाई अशा हसल्या, की शेजारणीने त्यांचा चष्मा धरून ठेवला.

"किल्ल्या राहू दे तुझ्याकडे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण आधी त्या माणसाला विझवा कुणीतरी!"

जेवणाच्या वेळी मला मानाने खुर्ची मिळाली, कोपऱ्यात, खिडकीपाशी, वास यायचा ना. एस्तेरताई स्वतः ताट घेऊन आल्या. मी कॉलर ताठ करायला गेलो, तर हाताला गोणपाट लागलं. तरी म्हटलं, "बघा ताई, वाचवल्या की नाही तुमच्या किल्ल्या?"

ताई ताटात भात वाढत राहिल्या.

"आणि चूक म्हणाल तर तुमचीच," मी आणखी जोर केला. "मागी, मागी काय लावलंत? सरळ म्हणायचं, बापू, एक शहाणा माणूस पाहिजे!"

ताईंनी भातावर रस्सा ओतला, डाव खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "शहाणा माणूस पाहिजे असता, बापू, तर तुमचं दार कशाला वाजवलं असतं?"