शेवटची लढाई बाकी

संध्याकाळी भिवंडीहून अंजूरला जाताना शेअर रिक्षात तो रोज माझ्या शेजारी असतो. पन्नाशीचा, केसांत पॉवरलूमचा कापूस, आणि मोबाईलवर माझ्याच आवडत्या गेमच्या येणाऱ्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर. पहिला भाग मी एका दमात संपवला आणि तेव्हापासून तळमळतोय. त्याने मात्र शेवटची लढाई मुद्दाम बाकी ठेवलीय.

"हराल म्हणून?" मी विचारलं.

"न्हाय हो. बीम म्हंजे उभ्या धाग्यांचा रूळ. तो संपत आला तरी लूमवरचे जुने धागे आम्ही ओढून काढत न्हाय. नव्या बीमचे धागे त्यांनाच गाठ मारून जोडायचे असतात."

आज बातमी आली, गेम पुन्हा लांबला. मी वैतागून त्याला सांगितलं. त्याने चिमटीने हवेतच एक गाठ मारली.

"येऊ दे कधी यायचा तेव्हा. टोक माझ्या हातात हाय."