एकही बॉल आत न सोडणारा पाहुणा

“म्याडम, त्याला म्हणावं, एक तरी बॉल आत जाऊ दे!”

बबनराव माझ्या कानाशी ओरडत होते. मुहूर्त संपायला वीस मिनिटं राहिली होती. आमदारसाहेबांची किक अडली होती. बँकेच्या मॅनेजरची अडली होती. बबनरावांनी स्वतः मारून पाहिली, तर बॉल जागेवर राहिला आणि पायातला बूट गोलकडे गेला. पाहुण्यानं तोही अडवला.

मी स्पॅनिशची टुरिस्ट गाईड. वेरूळ-अजिंठ्याला बत्तीस वर्षं काढली. अधूनमधून दुभाष्याचं कामही करायचे. समोरचा दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो, मग तीच वाक्यं आपण मराठीत सांगायची. त्यात आपलं काही घालायचं नाही, त्याचं काही गाळायचं नाही. एवढाच या धंद्याचा नियम.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि तरी शहर चारी बाजूंनी वाढत होतं. बबनरावांचं ऑफिस औरंगपुऱ्यात, जमीन बिडकीन रोडला. तिथं त्यांनी टाउनशिप काढली होती. मधोमध हिरवंगार लॉन आणि दोन्ही टोकांना गोल. लाँचिंगला त्यांना इंटरनॅशनल फुटबॉलर हवा होता. मुंबईच्या एजंटनं आणून दिला. दक्षिण अमेरिकेतले सेन्योर आल्दावे, देशाच्या टीमचे माजी कॅप्टन. पण ते होते डिफेंडर. गोल मारतो तो स्ट्रायकर, गोल होऊ देत नाही तो डिफेंडर. हा फरक बबनरावांना कुणी सांगितला नव्हता.

तो मलाही आदल्या दिवशीच कळला. डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा ‘देस्पेखे’ हा शब्द सापडला. आपल्या गोलसमोर आलेला बॉल जमेल तितका लांब भिरकावून देणं, हे डिफेंडरचं मुख्य काम. आभाळ निवळण्यालाही स्पॅनिशमध्ये याच घराण्यातला शब्द आहे. त्या वर्षी आमचं आभाळ नको तेवढं निवळलेलं होतं.

चिकलठाण्याच्या विमानतळावरून येताना मी गाडीत विचारलं, “किती गोल मारलेत?”

“एक,” ते म्हणाले. “माझ्याच जाळीत. शेवटच्या मॅचला.” मग खिडकीबाहेरच्या उघड्या शेतांकडे बघत म्हणाले, “त्या दिवसापासून मी कुठल्याच जाळीत बॉल मारत नाही. अडवायला सांगा, दिवसभर अडवीन.”

बबनरावांचा बेत नेमका उलटा होता. गोलच्या जाळीत थर्माकोलची भिंत उभी केली होती. सेन्योरनी किक मारायची, भिंत फुटायची, मागचा ‘बुकिंग सुरू’ हा बोर्ड दिसायचा. मुहूर्त अकरा चाळीस ते बारा पाच. पत्रिकेत छापलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय किकने शुभारंभ’.

सेन्योरनी नम्रपणे नकार दिला. बबनरावांनी तोडगा काढला, “बरं, आमदारसाहेब मारतील. ह्यांनी नुसतं समोर उभं राहावं, फोटोपुरतं.”

मी सांगितलं. पण ‘फोटोपुरतं’ त्यांच्या कानात शिरलं नसावं. गोल आणि समोरून येणारा बॉल दिसल्यावर त्या साठीच्या माणसाचं कंबरडं एकदम सरळ झालं.

तर, “एक तरी जाऊ दे,” हे मी माइकवरून जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. नियम तो नियम.

त्यांचा चेहरा पडला. “सेन्योरा, हे मला पूर्वीही सांगितलंय. हॉटेलच्या खोल्यांत, दार लावून. तेव्हाही मी सोडला नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅच फिक्स करणारे दाराआड जी मागणी करतात, ती मी भर मांडवात, माइकवर केली होती.

बबनरावांनी विचारलं, “काय म्हणतोय?”

“नाही म्हणतायत.”

“आता झालं का! गुरुजी पुढचा मुहूर्त अकरा दिवसांनी सांगतायत.”

तेवढ्यात आमदारसाहेबांनी जिद्दीनं पुन्हा किक मारली. सेन्योरनी बॉल भिरकावला आणि धाण्‌ असा आवाज झाला. लॉनला पाणी घालायला आलेला टँकर कडेला उभा होता, त्यावर बॉल आदळला होता. मला आठवलं, मघाशी मॅनेजरचा बॉलही तिथंच आदळला होता. त्याआधीचाही. माणूस प्रत्येक बॉल एकाच जागी फेकत होता!

मी सेन्योरना विचारलं, “जाळी नसेल, तिथं मारलेलं चालेल?”

“जाळी नसेल तर ते देस्पेखे. ते माझं कामच आहे.”

मी बबनरावांना म्हटलं, “भिंत उचला आणि टँकरच्या जागी नेऊन ठेवा. किक त्यांचीच होईल.”

बबनराव टँकरकडे पळाले. तिथं वेगळंच भांडण चाललं होतं. शेजारच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या. पुढे गयाबाई. “आठ दिस झाले वाडीला टँकर नाय, आन्‌ हितं गवताला पानी!” ड्रायव्हर रफिकभाई हात जोडून उभा होता.

“टँकर हलव!” बबनराव ओरडले.

“हलवतो, सेठ. पर ले जाऊ किधर?”

गयाबाई म्हणाली, “आमच्या हिरीत टाक की!”

बबनरावांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. “कुठंबी टाक, पन आत्ताच्या आत्ता जा!”

टँकर निघाला. बायका त्याच्यामागून जवळजवळ पळतच गेल्या. चार माणसांनी थर्माकोलची भिंत, मागच्या बोर्डासकट, टँकरच्या गळतीनं झालेल्या चिखलात आणून उभी केली. आमदारसाहेबांनी किक मारली. सेन्योर वळले, पाय झाडला, आणि बॉल भिंतीच्या बरोब्बर मधोमध घुसला. टाळ्या. फटाके. बारा वाजून चार मिनिटं.

परत जाताना सेन्योर गाडीत हसत होते. “इतकी वर्षं बॉल लांब फेकले. ते कुठं पडतात, हे पहिल्यांदाच कुणी बघितलं.”

लॉन महिन्याभरात वाळलं. बुकिंग मात्र बरं झालं. लोकांना किक आठवत होती, गवत नाही. बबनरावांनी पुढच्या फेजच्या वेळी मला फोन केला. “म्याडम, ह्या टायमाला क्रिकेटवाला बघतोय. तुम्ही आधी त्याच्याशी बोलून घ्या.”

क्रिकेटवाल्याला मराठी येत असेल, माझी गरज नाही, असं मी सांगितलं. बबनराव म्हणाले, “तरीबी.” मी गेले. तेव्हापासून कुठल्याही मोठ्या पाहुण्याला मी पहिला प्रश्न एकच विचारते, तुम्ही काय करत नाही? काय करतात ते पत्रिकेत छापलेलं असतंच, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.