जोडीचा अडकित्ता

"पांडवांना जाळायला जी लाख आणली, तीच आज ग्रामोफोनवर गाते," असं श्रीपतराव गोंधळेकर एकदा म्हणाले होते.

केरूच्या सोडावॉटरच्या दुकानात तेव्हा तबकडी फिरत होती. केरूनं सुई उचलली. "ती कशी काय, पंत?"

"तबकडी लाखेची. लाक्षागृहही लाखेचं. किडा तोच, मधे नुसती वर्षं."

केरूनं सुई पुन्हा ठेवली, पण उरलेलं गाणं त्यानं जरा लांब उभं राहून ऐकलं.

श्रीपतराव पोस्टात टपाल निवडत. एका माणसानं दुसऱ्याला लिहिलेलं दिवसभर त्यांच्या हातातून जाई. त्यांना स्वतःला कुणाचं पत्र येत नसे. भाऊबंद प्लेगात संपलेले, बायको बाळंतपणात गेलेली. घरात ते आणि मुलगी उमा. संध्याकाळी केरूच्या बाकावर ते पानसुपारीची चंची सोडत, मोराच्या आकाराच्या पितळी अडकित्त्यानं सुपारी कातरत आणि म्हणत, "द्या दोन टोकं."

कुणी म्हणे, तंबूतल्या सिनेमाची नटी आणि भैरीच्या देवळातली आरती. श्रीपतराव सुपारी दाढेखाली सरकवत. "सिनेमाच्या फितीत कापूर असतो. म्हणून तर तंबूत विडी ओढू देत नाहीत. दोघींचा उजेड कापराचाच."

लोक हसत, मग उठून आपापल्या घरी जात. श्रीपतराव सगळ्यांत शेवटी उठत. जगातली कुठलीही दोन टोकं जोडता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आपलं टोक कुणाला जोडलेलं आहे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

एकतीस साली लांज्याच्या हरिश्चंद्रपंत सोहोनींकडून उमाला स्थळ आलं. मुलगा श्याम, मुंबईला एका पेढीत कारकून. पत्रिका जुळली होती. उमाला तो आवडला होता. पोह्यांची बशी देताना तिनं एकदा सरळ वर बघितलं आणि तोही हसला. याद्या करण्याएवढंच उरलं होतं.

हरिश्चंद्रपंत मोकळ्या स्वभावाचे. बैठकीवर मांडी घालून ते म्हणाले, "तुमची कीर्ती लांज्यापर्यंत आली आहे, श्रीपतराव. आता आम्हांलाही गंमत दाखवा. एक टोक, इथं आणून ठेवलेला ब्रह्मदेशचा राजा. दुसरं माझ्या मुठीत."

त्यांनी मूठ उघडली. आत अडकित्ता होता. पितळी, मोराचा.

श्रीपतरावांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. आम्ही चारदोघं बैठकीला होतो; केरूच्या दुकानात तो चेहरा आम्ही तसा कधी बघितला नव्हता.

"सोपं आहे," ते म्हणाले. "इंग्रजानं ब्रह्मदेशचा राजा इथं रत्नागिरीत आणून ठेवला. पण त्याच्या आधी दिल्लीचा बादशहा तिकडं रंगूनला नेऊन ठेवला होता. कशापायी? सत्तावनच्या बंडापायी. आता सत्तावन साल म्हटलं की मी आमच्या मूळ गावी, दाभोळात जातो." त्यांनी चंचीतून आपला अडकित्ता काढून पाहुण्यांच्या अडकित्त्याशेजारी ठेवला. एक मोर डावीकडं बघत होता, एक उजवीकडं. चोचीला चोच लागली. "त्या साली माझ्या पणजोबांनी तांबटाकडून हे दोन करून घेतले. जोडी फुटली तरी पुढं कधीतरी ओळख पटावी म्हणून. एक माझ्या आजोबांना, आणि दुसरा त्यांच्या धाकट्या भावाला. तो दत्तक जायचा होता..."

इथं ते थांबले. पण साखळी पुरी झाली होती.

मग हरिश्चंद्रपंत हळू आवाजात म्हणाले, "आमचे वडील दत्तक आलेले. जन्मघराचं नाव आजीनं घरात कधी काढू दिलं नाही." त्यांनी बोटांवर पिढ्या मोजल्या. "म्हणजे श्याम उमाचा काका लागतो."

दत्तक गेला तरी रक्त बदलत नाही, आणि जन्मघराण्यात सोयरीक होत नाही. पाहुण्यांनी आपला अडकित्ता उचलला. उमा दारात उभी होती. श्रीपतरावांना प्लेगनंतर पहिल्यांदा भाऊबंद मिळाले, आणि तेच पायऱ्या उतरून निघून गेले. मोडलेल्या स्थळाच्या घरी पुन्हा कोण जातो?

उमा तेव्हा वडिलांना म्हणाली, "दादा, बादशहापाशी थांबला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"खोटं झालं असतं, बाय."

"कुणाला ठाऊक असतं तर खोटं."

पुढच्या महिन्यात ती मावशीकडं, येसूबाईकडं, चिपळूणला गेली. वर्षभरानं मावशीनंच तिचं एका बिजवराशी लग्न लावलं. श्रीपतरावांनी कन्यादान केलं. हातावर पाणी पडेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर रोज सकाळी ते चिपळूणची थैली सगळ्यांत आधी सोडत. सबंध थैली बघून झाली की दुसरीला हात लावत. मुलीचं अक्षर त्या थैलीत कधी आलं नाही. संध्याकाळी केरूच्या बाकावर बसत, पण दोन टोकं मागत नसत. नुसती सुपारी कातरत.

छत्तीस साली शाळेत एक नवा तरुण मास्तर आला. पहिल्याच आठवड्यात तो केरूकडं लिंबू सोडा प्यायला आला आणि श्रीपतरावांच्या शेजारी बसला. केरूनं रिवाजाप्रमाणं विचारलं, "मास्तर, तुम्ही कुठचे? कुणाचे?"

"लांज्याचा. हरिश्चंद्रपंत सोहोनींचा धाकटा."

श्रीपतरावांचा हात थांबला. मास्तरचं लक्ष बाकावरच्या अडकित्त्याकडं गेलं. त्यानं विचारून तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"गंमत आहे. अगदी असाच आमच्याकडं आहे. फक्त मोराचं तोंड पलीकडं. वडील तो ट्रंकेत ठेवतात, वापरत नाहीत. का ते सांगत नाहीत."

स्थळ कशामुळं मोडलं ते केरूला कधी कळलं नव्हतं; त्याला पाच वर्षांनी जुनी संध्याकाळ परत आल्यासारखं झालं. "घ्या पंत," तो म्हणाला, "आपसूक दोन टोकं गावली. आता जोडा बगू."

मास्तर हसून वाट बघत राहिला. त्याचं हसणं श्यामसारखं होतं.

श्रीपतरावांनी त्याच्या हातातून अडकित्ता काढून घेतला. चंचीत घातला, दोरी गुंडाळली. कातरलेली सुपारी बाकावरच राहिली. त्यांनी वहाणा पायात सरकवल्या, छत्री घेतली आणि ते बाहेर पडले.