मोठा व्ही, छोटा व्ही

फोटो स्टुडिओवाल्यांना सगळे ‘हसाभाऊ’ म्हणत. ‘हसा’ म्हटल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही. लग्नात ते वधूकडच्यांचे फोटो काढत, बायको दुसऱ्या कॅमेऱ्यावर वराकडच्यांचे. नंतर कॅमेऱ्यावरून दोन्हीकडचे फोटो निवडून वेगळे ठेवायला मेहुण्याने लिहून दिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी हुकमांची यादी, होती. मेहुणा डोक्याने तल्लख, पण टाईप करायचा भारी कंटाळा. वधू काय, वर काय, अक्षर व्हीच! म्हणून वधूचा फोल्डर मोठा V, वराचा छोटा v. कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा आणि लिनक्सला दोन्ही वेगळे, त्यामुळे सगळं बिनबोभाट चालायचं.

मग जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली आणि लेकीने हौसेने विंडोजचा लॅपटॉप आणला. भाऊंनी स्क्रिप्टवर दोनदा क्लिक केलं. ती नोटपॅडमध्ये उघडली. भाऊ हाताची घडी घालून बसले.

“काय चाललंय?” बायकोने विचारलं.

“वाचतोय तो. वाचून झालं की करेल.”

“अहो, चहा गार झाला, अजून पहिल्याच पानावर आहे तो!”

शेवटी मेहुण्याला फोन लावला. “भावोजी, त्याला ही भाषा कळत नाही. दुभाष्या लागेल.” त्याने सांगून सांगून बॅश नावाचा प्रोग्रॅम टाकून घेतला. स्क्रिप्ट सुरळीत चालली. फोल्डर मात्र एकच दिसला. दुसरा येईल मागून, म्हणत भाऊंनी वधूकडचा अल्बम छापायला दिलासुद्धा.

अल्बम घेऊन नवरीची आई तणतणत आली. पाठोपाठ विहीणबाई.

“आमच्या अल्बमात यांचेच सगळे काका!”

“आणि आमचा अल्बम कुठाय?”

भाऊंनी पुन्हा फोन लावला. मेहुणा ओशाळला. “विंडोजला मोठा व्ही, छोटा व्ही एकच हो. सगळे एकाच फोल्डरात गेले.”

“लग्न लागलं, आता दोन घरं एकच, असं वाटलं असेल त्याला,” बायको म्हणाली.

विहीणबाईंना हसू फुटलं. मग दोघी बाकावर बसून आपापली माणसं निवडू लागल्या. एका पानावर विहीणबाईंचं बोट थबकलं. गुलाबी शर्टातले एक गृहस्थ, प्रत्येक टेबलावर, तोंडात घास.

“हे तुमचे ना?”

“छे! मी तुमचे समजून आग्रह करत होते.”

दोघी हसून हसून बेजार झाल्या. मेहुण्याने फोनवरूनच स्क्रिप्टमध्ये दोन्ही फोल्डरांना पूर्ण नावं द्यायला लावली.

“आणि या गुलाबी शर्टवाल्यांना कुठे टाकू?” भाऊंनी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“असू देत दोन्हीकडे,” विहीणबाई म्हणाल्या. “इतकं मनापासून दुसरं कुणी जेवलंच नाही.”